चारशे त्रेचाळीसची रेघ

सोमवार, ११ एप्रिल २००५.

हजर: विभागातले सर. मी, म्हणजे यंत्राची देखभाल जिच्याकडे ती तंत्र अधिकारी. सरांकडे पीएच.डी. करणारी हुपरीची मुलगी. विभागाचे शिपाई, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो. ते आणि सर दोघेही कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतले. गैरहजर: मुंबईचे परीक्षक. ते दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं यायचे होते.

मला आधी याद्या करून मग कामाला लागायची सवय आहे, म्हणून हे सगळं डायरीत असंच उतरलेलं आहे. त्या दिवशीच्या यादीत पहिलं काम होतं, कोरी रन लावणे. रन म्हणजे यंत्राची एक फेरी; कोरी म्हणजे जिच्यात तपासायचं काहीच घातलेलं नाही अशी. ती स्वच्छ आली तरच पुढं जायचं.

परीक्षकांना एकच गोष्ट दाखवायची होती. गुळाच्या पाण्याचा थेंब काचेच्या चिपमध्ये सोडायचा, विजेच्या ओढीनं त्यातले घटक एकेक करून वेगळे करायचे आणि चिपच्या टोकातून ते थेट यंत्राच्या, म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटरच्या, तोंडात फवारायचे. हे जमलं तर मुलीच्या शिष्यवृत्तीची मुदत वाढणार होती आणि तिचं काम पुरं होणार होतं. नाही जमलं तर जूनपासून एका कारखान्यात तपासनीस म्हणून रुजू व्हायचं, असं तिच्या घरी ठरून गेलेलं होतं. तिच्या वडिलांनी ते मला स्वतः सांगितलं होतं, रागानं नाही, व्यवहारानं.

चिप म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात तेवढी काचपट्टी. तिच्या पोटात केसाएवढी बारीक वाट कोरलेली, वाटेच्या टोकांना छोटे उघडे खळगे. त्यांना आम्ही विहिरी म्हणायचो. या चिपा मुंबईच्या एका संस्थेतून यायच्या आणि आमच्याकडे त्या आठवड्यात मोजक्याच उरल्या होत्या.

गूळच का, असं पहिल्या बैठकीत कुणीतरी हसत विचारलं होतं. कोल्हापूरचे म्हणून गूळ का, असा त्याचा अर्थ होता. पण कारण वेगळं होतं. गुळात जवळजवळ सगळी साखर. तसाच यंत्रात सोडला तर साखर यंत्राचं तोंड चिकट करते आणि बाकीच्या बारीकसारीक गोष्टी दाबून टाकते. पाणी आम्ल केलं की गुळातल्या अमिनो आम्लांवर धन भार येतो आणि वीज लावली की ती ऋण टोकाकडे पळत सुटतात. साखरेवर भार नसतो. ती मागं रेंगाळते. ती पोचायच्या आत आपल्याला जे बघायचं ते बघून घ्यायचं.

यंत्राला पदार्थाचं नाव कळत नाही, वजन कळतं. पडद्यावर खाली आकडे असतात आणि जो पदार्थ येईल त्याच्या आकड्यावर रेघ उभी राहते. कोऱ्या रनमध्ये पडदा गवतासारखा दिसतो, सगळं बुटकं.

त्या सोमवारी गवतातून ४४३वर एक रेघ सरळ माथ्याला जाऊन टेकली.

मुलीनं ती माझ्या आधी पाहिली. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

सर आत आले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि तिच्याकडे पाहिलं.

"हे काय आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे, सर."

आम्हा तिघांनाही माहीत होतं. आमच्याकडे एक गुलाबी रंग होता. चिपमधली वाट नीट वाहते का, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी तो चिमूटभर वापरायचो. हिरव्या उजेडात तो नारिंगी चमकतो. त्याचा आकडा ४४३. हा रंग मास स्पेक्ट्रोमीटरला फार आवडतो. कणभर असला तरी बाकी सगळ्यांच्या डोक्यावर बसतो आणि काचेला एकदा धरला की सहजी सोडत नाही. म्हणून सरांचा कडक नियम होता: रंग लावलेली चिप यंत्राजवळ न्यायची नाही. बाटली कपाटात, किल्ली माझ्याकडे.

"किल्ली माझ्याकडेच होती, सर," मी म्हटलं. "गेल्या महिन्यापासून बाटली निघालेली नाही."

"जुनं द्रावण कुठंतरी भरून ठेवलं असेल. रंगाची चिप आणि साधी चिप, अदलाबदल व्हायला किती वेळ लागतो?"

"मी हातच लावलो न्हाई सर त्याला," ती म्हणाली. आमच्याकडच्या मुली बोलताना 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणतात. विद्यापीठात ती जपून बोलायची, पण घाबरली की हुपरी बाहेर यायची.

सरांचा संशय हवेतून आलेला नव्हता. त्याला मागचं एक प्रकरण होतं. विहिरीत विजेची तार बुडवावी लागते, ती प्लॅटिनमची हवी. पहिल्या वर्षी प्लॅटिनमची मागणी कार्यालयात अडकून पडली तेव्हा या मुलीनं घरून चांदीची तार आणली. घरी पैंजणांचं काम, तारेला तोटा नाही. तिला वाटलं, चांदीहून चांगली वाहक कुठली? तार बुडवली, वीज लावली, आणि पडद्यावर १०७ आणि १०९ अशा दोन जुळ्या रेघा आल्या, बाकी काही नाही. चांदी विरघळून यंत्रात चालली होती. सर तेव्हा हसले होते. "पैंजण घातलेस की यंत्राला," असं म्हणाले होते. त्या सोमवारी मात्र त्यांना ते हसण्यावारी न्यावंसं वाटलं नाही.

"एकदा घरची चांदी. आता हे. उद्या काय?"

मी यादी काढली आणि एकेक गोष्ट वगळायला घेतली. दुपारी भारनियमनात वीज जाणार होती. बॅटरीवर यंत्राचा पंप तेवढा चालतो, बाकी काम बंद. तोपर्यंत जे होईल ते. द्रावण नवं केलं, रेघ तशीच. सुई बदलली, नळी बदलली, तशीच. यंत्राचं तोंड उघडून धुतलं, पुसलं. मग चिप बाजूला काढली आणि नुसतं द्रावण सुईनं थेट यंत्रात सोडलं.

पडदा स्वच्छ.

म्हणजे यंत्र स्वच्छ, द्रावण स्वच्छ. मला बरं वाटायला हवं होतं, पण त्याचा अर्थ मुलीलाही कळला. घाण चिपवर होती, आणि चिपला हात फक्त तिचा लागायचा.

"नवी चिप घे," सर म्हणाले. "माझ्यासमोर लाव."

तिनं हातमोजे बदलले. नवी चिप पाकिटातून काढली, धुतली, भरली, यंत्रासमोर बसवली. सरांनी नेहमीप्रमाणे खिशातून भिंग काढलं. डोळ्याला लावून दागिना बघतात तसलं सराफी भिंग, कातडी पिशवीत ठेवलेलं. मुलीला प्रवेश मिळाला तेव्हा तिच्या वडिलांनी ते सरांना दिलं होतं. चिपच्या टोकाशी कधी कधी बारीक थेंब साठतो आणि वेगळे केलेले घटक त्यात पुन्हा एकत्र होतात. सगळी मेहनत त्या थेंबात बुडते. म्हणून प्रत्येक रनच्या आधी सर भिंगाची कड चिपवर टेकवून टोक कोरडं आहे का ते बघायचे. चिपचं टोक सरांनी बघितलं म्हणजे लग्नाआधी मुहूर्त बघितल्यासारखं. त्याशिवाय आम्ही बटण दाबत नसू.

"कोरडं आहे. लाव."

रेघ आली. पहिल्यापेक्षा उंच.

बाहेर व्हरांड्यात मामा कुणाला तरी पेढे वाटत होते. आदल्या दिवशी, रविवारी, पेठेच्या संघानं फुटबॉलचा अंतिम सामना जिंकला होता. सरांनी शनिवारीच आम्हाला दम भरला होता की परीक्षक येऊन जाईपर्यंत मॅचबिच काही नाही, रविवारी सगळ्यांनी प्रयोगशाळेत. आम्ही दोघी दिवसभर होतो. सर दुपारी बैठकीला म्हणून गेले आणि संध्याकाळी आंघोळ करून, ओल्या केसांनी परत आले. उकाड्याचे दिवस, मला त्यात काही वाटलं नाही. आल्या आल्या, सोमवारसाठी बसवून ठेवलेल्या चिपचं टोक बघून, सगळं ठीक आहे म्हणून गेले.

मामांनी दारातून पेढ्यांचं पुडकं पुढं केलं. "घ्या की सायेब. पेठंचा पेढा हाय."

"नंतर," सर म्हणाले. मामा सरांकडे क्षणभर बघत राहिले आणि गेले.

सरांनी दार लोटलं आणि हळू आवाजात बोलले. ओरडले असते तर परवडलं असतं.

"उद्या माणूस येतोय. आपल्याकडे एक चिप आहे. ती लावून बघायची, पण रेघ आलीच तर मी झाकपाक करणार नाही. नियम मोडला गेला, असं मी लिहून देईन. माझ्या प्रयोगशाळेतून खोटं जात नाही."

"सर, मी खरंच..."

"पोरी, चूक झाली असं म्हण. चुकीला मी माफ करतो. नाकारण्याला नाही."

तिनं मान हलवली, नाही म्हणून. तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला, पंपाची घरघर तेवढी राहिली. ती पिशवी उचलून हुपरीच्या एसटीला निघून गेली. कबूल करून टाक, केलेली दोन वर्षं वाया जाणार नाहीत, असं सांगायला मी जिन्यापर्यंत गेले होते. तिनं वळून पाहिलं तेव्हा ते माझ्या तोंडून निघालं नाही.

मंगळवार, १२ एप्रिल. हजर: मी, मुलगी, मामा. सर आले, पण बसायच्या आतच फोन वाजला. परीक्षकांची गाडी हातकणंगल्याला उभी होती; पुढं काहीतरी बिघाड, कधी सुटेल सांगता येत नव्हतं. सरांनी विभागाची जीप काढायला लावली.

"मी जाऊन घेऊन येतो. तुम्ही तयार ठेवा. आल्यावर लगेच." त्यांच्या हातात एक फाइल होती. ती ते बरोबर घेऊन गेले.

मुलीचे डोळे सुजलेले होते, पण हात स्थिर होता. शेवटची चिप. तिनं ती धुतली, विहिरी भरल्या, तारा बुडवल्या. मी प्रत्येक पायरी वाचत गेले आणि खूण करत गेले. टोक बघायला भिंग नव्हतं, म्हणून तिनं मागून विजेरी धरली आणि लांबूनच पाहिलं. थेंब असता तर चमकला असता.

"लावू?"

"कोरी लाव."

ती पडद्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी पडद्याकडे बघत होते. गवत. नुसतं गवत. ४४३वर इतरांएवढंच बुटकं काहीतरी.

"नाहीये," मी म्हटलं.

तिनं पुन्हा लावली. पुन्हा नाही.

आनंद व्हायला वेळ लागला, कारण त्याआधी प्रश्न उभा राहिला. काल आणि आज यात फरक काय? मी कालची यादी वरून खाली वाचली, मग खालून वर. द्रावण तेच, हात तेच, चिपा एकाच पेटीतल्या. कालचं सगळं आज होतं. जे नव्हतं ते माझ्या यादीत कधी लिहिलेलंच नव्हतं. बघणं म्हणजे हात लावणं नव्हे, असं आम्ही तिघंही धरून चाललो होतो.

मुलगी हलक्या आवाजात म्हणाली, "ताई. भिंग."

मला रविवारचे ओले केस आठवले. दुपारची बैठक आठवली. पेठेच्या मिरवणुकीत गुलाल कसा उडतो ते कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. घरी जाऊन दोनदा आंघोळ केली तरी कानामागं राहतो. आणि हल्लीच्या गुलाबी गुलालात आमच्या बाटलीतलाच स्वस्त रंग असतो, हे आम्हा दोघींना कुणापेक्षाही जास्त ठाऊक होतं. शर्ट बदलता येतो. भिंग या खिशातून त्या खिशात जातं.

"मामा," मी दारातून विचारलं, "रविवारी सर कुठं होते?"

मामांनी छताकडे पाहिलं. "बैठकीला."

"खरं सांगा."

"मॅडम, सायेबांनी सांगितलं बैठक, तर बैठक. पेठंतलं पेठंत ऱ्हाऊ द्या."

एवढं पुरेसं होतं.

"सरांना मी सांगतो," मुलगी म्हणाली.

"तू नको. तू सांगितलंस तर उलटून आरोप केल्यासारखं होईल. पाहुण्यांसमोर तर नाहीच."

"मग ते टोक बघणार, ताई. आल्या आल्या बघणार. आणि दुसरी चिप न्हाई."

जीपचा आवाज आला तेव्हा आमचं काहीच ठरलेलं नव्हतं.

परीक्षक बारीक, थकलेले, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी चहा नाकारला आणि थेट यंत्रापाशी आले. सर त्यांच्या पुढं होते. चिप बसवलेली बघून त्यांचा हात सवयीनं खिशाकडे गेला. कातडी पिशवी बाहेर आली. गुंडी उघडली.

मी मध्ये हात धरला. "सर, ते माझ्याकडे द्या."

"का?"

"आज चिपजवळ कुणीच काही न्यायचं नाही. शेवटची आहे."

"टोक बघायला नको?"

"बघितलंय. कोरडं आहे."

सरांच्या नजरेत जे होतं ते मी त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिलं नाही. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी हात आडवा लावला नव्हता. पाहुणे आमच्या दोघांकडे बघत होते.

"बाईंचं बरोबर आहे," परीक्षक म्हणाले. "शेवटची असेल तर नका हलवू."

सरांनी भिंग माझ्या तळव्यावर ठेवलं. मी ते पिशवीसकट काचेच्या बशीत ठेवून वर झाकण घातलं आणि हातमोजे बदलले.

मुलीनं गुळाचं पाणी सोडलं, वीज लावली. थोडा वेळ काहीच नाही. मग एक रेघ उभी राहिली आणि मावळली. तिच्यामागून दुसरी. मग दोन जवळजवळ, पण वेगळ्या. तिचा श्वास मला ऐकू येत होता. शेवटी संथपणे साखर आली, सगळ्यांच्या मागून, वरातीत मागं राहिलेल्या जड बाईसारखी. परीक्षकांनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा त्याच क्रमानं आलं.

"छान," ते म्हणाले. एवढंच.

मला वाटलं, संपलं. पण सर सरळ माणूस होते आणि त्यांचा सरळपणाच त्या क्षणी नडणार होता. त्यांनी फाइल उघडली.

"आज आलं. पण काल एक प्रकार घडला होता. तो तुमच्या कानावर घालणं मला भाग आहे."

मुलगी पुढं आली. मग तिनं जे केलं ते माझ्या कुठल्याही यादीत बसलं नसतं.

"सर, त्याआधी एक रन लावू? चिप न्हाई लागत. थेट सुईनं."

उत्तराची वाट न बघता तिनं कापसाचा बोळा मेथेनॉलमध्ये भिजवला, बशीचं झाकण काढलं आणि भिंगाची कड पुसली. मग पिशवीची शिवण. कापूस गुलाबी झाला. तो तिनं द्रावणात पिळला, भरपूर पातळ केला आणि सुईत भरला.

४४३. पडद्याच्या माथ्याला.

परीक्षक पुढं वाकले. "हा तर रंग. भिंगावर कुठून आला?"

सरांचा हात कानामागं गेला. तेवढ्यात दारातून मामांचा आवाज आला. त्यांच्या हातात पेढ्यांचं तेच पुडकं होतं.

"रविवारी मॅच जिंकली की पावणं. सायेबच पुढं हुते, खांद्यावर, गुलालात न्हालेले. एका टायमाचे गोली हाईत आमच्या संघाचे."

परीक्षक आधी मामांकडे आणि मग सरांकडे बघत राहिले. मग ते हसले, चांगले मोठ्यानं, आणि पेढा घेतला. सरही हसले. कान मात्र लाल झाले होते, आणि ते गुलालानं नव्हे. फाइल त्यांनी बंद केली. पाहुण्यांना सोडायला निघताना तिच्यातला एक कागद काढून माझ्यासमोर चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. मुलगी तेव्हा आत चिप धूत होती.

शिष्यवृत्ती वाढली. तिचं काम पुरं झालं, पदवी झाली, ती बेंगळुरूला गेली. सरांनी तिच्यासाठी नंतर पुष्कळ केलं. पत्रं लिहिली, शब्द टाकला. मिरवणुकीची थट्टा विभागात वर्षानुवर्षं चालली आणि सरांनी ती मोकळेपणानं करू दिली. पण चूक माझी होती, तुझी नव्हती, हे वाक्य ते तिच्याशी कधी बोलले नाहीत. ती वाट बघायची. पहिले काही महिने तर सर तिच्या टेबलाशी थांबले की ती हातातलं काम खाली ठेवायची. सर द्रावणाबद्दल विचारायचे आणि पुढं जायचे.

सर निवृत्त झाले त्या दिवशी मी त्यांच्या खोलीतल्या सामानाची यादी करत होते. त्यांनी खिशातून कातडी पिशवी काढली.

"हे तिच्या वडिलांचं. परत जायला पाहिजे. नीट धुऊन दे. आणि तिला सांग..."

मी लेखणी धरून थांबले.

"राहू दे. ते मीच सांगेन. ती आली की मला कळव, आपण दोघं जाऊ हुपरीला."

मी तिला फोनवर सांगितलं.

"धुतला काय ताई तुम्ही ते?"

"नाही अजून."

"धुऊ नका. तसंच आणा."

एका दिवाळीला ती आली तेव्हा सर पुण्याला मुलाकडे होते. दुसऱ्या वेळी सर इथं होते, तर तिला रजा मिळाली नाही. मध्ये एकदा दोघंही होते. मी फोन केला, सर म्हणाले, आज गुडघा दुखतोय, पुढच्या वेळी नक्की. भिंग माझ्या टेबलाच्या खणात आहे, बंद पाकिटात, शिवणीतल्या गुलाबीसकट. दर नव्या डायरीत पहिल्या पानावर मी ते काम उतरवते: भिंग, हुपरी, सरांना घेऊन. त्याच्यापुढची चौकट अजून रिकामी आहे.